फ्लॉटिस्ट आणि फुकणारी

आमच्या घरात वाद घालायला कारण लागत नाही, पण त्या वर्षी मात्र चांगलं ठळक कारण मिळालं. बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं कार्ड तपासायला म्हणून माझ्या मोबाइलवर आलं. त्यात माझ्या बायकोचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'सुप्रसिद्ध फ्लूटिस्ट'. सुप्रसिद्धबद्दल माझी तक्रार नव्हती. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत ती आहेच सुप्रसिद्ध. पण आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या घरातल्या बाईला फ्लूटिस्ट म्हणायचं म्हणजे काय? निवृत्त झालो तरी असा शब्द दिसला की माझ्या कपाळाची शीर उठते. मी लगेच विहारातल्या त्या पोराला फोन लावला. कार्ड तोच बनवतो.

"अरे, फ्लॉटिस्ट म्हणतात. हे फ्लूटिस्ट कुठून आणलं?"

"सर, नेटवर दोन्ही दाखवून राहिलं," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, जे फायनल ते टाकतो. फक्त संध्याकाळच्या आत सांगा. एकदा ग्रुपवर गेलं का मंग झालं."

त्याला ठणकावून सांगायचं म्हणून मी जाडा इंग्रजी शब्दकोश काढला. त्याची अक्षरं मुंगीएवढी, त्यामुळे भिंग घेऊन बसावं लागतं. बायको समोर वांगी चिरत होती आणि आई खाटेवर बसून पेपर वाचत होती. आईला चौऱ्याऐंशीव्या वर्षीही पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लागतो. मी जसजसा वाचत गेलो तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. कारण माझा फ्लॉटिस्ट सगळ्यांत नवा निघाला. इंग्रजीत बासरी वाजवणाऱ्याला सगळ्यांत जुना शब्द होता फ्लूटर. साधा, आपल्या बासरीवाल्यासारखा. मग फ्रेंचांकडून आला फ्लूटिस्ट. तो अडीचशे वर्षं सुखानं नांदला. आणि एकोणिसाव्या शतकात, संगीतातलं जे जे इटलीचं ते ते उंची असं वाटायच्या काळात, कोणी तरी इटालियन शब्द उचलून फ्लॉटिस्ट आणला. म्हणजे मी ज्याला खानदानी समजत होतो तो शब्द वरातीपुरत्या भाड्यानं आणलेल्या मोटारीसारखा निघाला.

"मग फ्लूट तरी कुठून आला?" बायकोनं विचारलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. शिक्षिकेला दुसऱ्यानं उत्तर अपुरं ठेवलेलं सहन होत नाही.

मी पुढे वाचलं. पुष्कळ लोक सांगतात की त्याच्या मुळाशी फुंकणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. ऐकायला किती छान जमतं! पण कोश तसं छातीठोक म्हणत नव्हता. कोणी म्हणतं तो नुसता आवाजाच्या नकलेतून आला, कोणी म्हणतं दोन वेगळ्या वाद्यांची नावं एकमेकांत मिसळली. शेवटी कोशानं हात वर केले होते. उगम अनिश्चित.

"म्हणजे इतकं खोदून शेवटी माहीत नाही, असंच निघालं?"

"तसंच."

"मग कशाला इटली आणि फ्रान्स करून राहिले? मले फुकणारी म्हणा. बासरीत मी करते काय? फुकतेच नं."

आईनं पेपर खाली केला. "फुकणारी लिवशीन तं लोकायले वाटन बिडी फुकते."

तिघंही पोट धरून हसलो. मी पोराला फोन केला आणि पडेल आवाजात सांगितलं की तुझं बरोबर आहे, राहू दे. तो म्हणाला, "नाई सर, मी आधीच बदलवून टाकलं. फ्लॉटिस्ट भारी वाटते." त्या कार्डावर माझी बायको शेवटी इटालियनच राहिली.

तिचं माहेर कुहीकडचं. धानाची शेती, घरात चूल. तिच्या आईचे डोळे धुरानं गेलेले, त्यामुळे चूल पेटवायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. ओली काटकी असो, तूस असो, लोखंडी फुकणी तोंडाला लावायची आणि न थांबता फुंकायचं. घाई केली की ठिणगी विझते, कमी पडलं की धूर डोळ्यांत. हे सगळं मला तिनं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही बासरी शिकायला लागल्यावर. शिकायला लागली ती चाळिशीत. शिकवणारे गुरुजी कोराडीच्या वसाहतीत राहायचे. वीज केंद्रातून निवृत्त झालेले. दर रविवारी ही बाई सकाळची बस धरायची, कोळशाच्या ट्रकांमागून रखडत कोराडीला जायची आणि दुपारी केसांत राख घेऊन परतायची. आठवडाभर शाळेचा प्रवास वेगळाच. मी म्हणायचो, "एक रविवार तरी घरी बस." ती म्हणायची, "एक रविवार तरी मले माझा राहू द्या."

पहिलं अख्खं वर्ष तिनं एकच स्वर धरला. मला वीट आला होता. मी दार लावून बसायचो. पण मग एके दिवशी लक्षात आलं की दार उघडं आहे आणि मी ते लावायला उठलेलो नाही. तो स्वर लांब, गोल झाला होता. कुकरची शिट्टी सुरू होऊन संपायची, गल्लीतला भाजीवाला ओरडत या टोकापासून त्या टोकाला जायचा, तरी हिचा श्वास चालूच. मला संगीतातलं काही कळत नाही. पण एखादं काम मुळापासून, न कंटाळता करणारं माणूस मला कळतं. अशी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत आणि त्यांतलं एक माझ्याच घरात भाकरी थापतं, याचं मला फार कौतुक आहे. ते मी तिला पुरेसं सांगत नाही. म्हणून इथं लिहितो.

बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदना झाली की ती वाजवते, ही आमच्या वस्तीची आता रीतच झाली आहे. पांढरी साडी नेसून बसते, पुढं खिरीची वाट पाहणारी पोरं असतात आणि तरी ती वाजवायला लागली की पोरंसुद्धा चमचे वाजवत नाहीत. पहिल्या रांगेत आई. छप्पन साली आई परकर नेसायच्या वयात होती आणि आपल्या वडिलांबरोबर दीक्षेला गेली होती. त्यामुळे विहारात तिचा मान मोठा आणि पहिल्या रांगेतली खुर्ची तिची. सून वाजवत असताना ती इकडेतिकडे असं पाहते की जणू फुंक तिनंच घरून डब्यात भरून आणली आहे.

आता कूलरचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच झालं.

नागपुरात मे महिन्यात दुपारी माणसं झोपत नाहीत, पडून राहतात. घरात एकच मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला, आणि त्याच्यासमोर ओळीनं गाद्या. बाहेरच्यांना वाटेल ओळीत काय विशेष. पण कूलरसमोरची पहिली गादी म्हणजे मान असतो. घरात दहावी-बारावीचं पोरगं असलं तर ती त्याची. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला तर त्याची. बाळंतीण असली तर तिला मात्र तिथं झोपवत नाहीत, तिचं वेगळं. आमच्या घरी ती जागा आईची, दुसरी माझी, कारण उकाड्यानं माझं डोकं फिरतं आणि ते कोणालाच परवडत नाही. आणि अगदी शेवटची, दाराशी, जिथं कूलरची हवा पोचेपर्यंत लू होते, ती बायकोची. लग्न होऊन आल्यापासून तीच. कोणी दिली नव्हती आणि तिनं मागितली नव्हती. घराघरांत असंच आहे.

त्या वर्षी कार्यक्रम जवळ आला तेव्हा आईनं जेवताना जाहीर केलं. "आजपासून सूनबाई कूलरसमोर झोपन. तिले फूक पायजे. मी दाराशी झोपतो."

बायको नको नको म्हणत राहिली. आईनं ऐकलं नाही. स्वतःच्या हातानं तिची गादी उचलून पहिल्या जागी टाकली, उशीला नवी खोळ घातली आणि आपली सतरंजी दाराशी ओढत नेली. बायको लाजली, मग आडवी झाली. एवढ्या वर्षांनी तोंडावर गार वारा घेऊन झोपली ती गाढ झोपली. मी तिच्याकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, हे आपल्याला कधी सुचलं नाही. आईला सुचलं.

कार्यक्रम दोन दिवसांवर असताना ती दुपारची उठली, तोंड धुतलं आणि नेहमीसारखी बासरी घेऊन बसली. मी चहाची वाट पाहत होतो. आतून सूर आला नाही, नुसता सूं सूं आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा. पुन्हा तसाच. मला वाटलं बासरीला चीर गेली. उन्हाळ्यात बांबू तडकतो. मी आत गेलो तर बासरी धडधाकट होती. ती मला काही तरी सांगायला गेली आणि तिचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. डावी बाजू मेणासारखी जागच्या जागी. डावा डोळा मिटत नव्हता.

"असं तोंड काहून करून राहिली वं?" आईनं दारातून विचारलं. मग तिनं पाहिलं, आणि खाली बसली.

मला वाटलं पक्षाघात. रिक्षात मी तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. डॉक्टरांनी तपासलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. पक्षाघात नव्हे, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले. बहुतेकांचं बरं होतं, काहींचं थोडं राहून जातं, असं म्हणाले. कशामुळे झालं, तर नक्की कारण सापडतंच असं नाही. कूलरमुळे का, असं मी विचारलं. ते हसले. नागपुरात हा प्रश्न त्यांना रोज येत असणार. "कूलरला दोष देऊ नका," एवढंच म्हणाले.

बायकोनं ओठ हातानं धरून एकच विचारलं. बासरी वाजवता येईल का?

"बोलता येईल, खाता येईल," डॉक्टर म्हणाले. "बासरीचं मी कसं सांगू?"

त्या पौर्णिमेला बासरी वाजली नाही. ती मात्र गेली. पदर गालावरून घेऊन आईशेजारी बसली, डोळ्याला पट्टी. कोणी तरी मोबाइलवरचं बासरीवादन लाऊडस्पीकरवर लावलं होतं. लावणाऱ्यानं प्रेमानंच लावलं, पण मला तो यंत्रातला आवाज ऐकवेना. मी खीर न घेता घरी आलो.

आणि घरी आईचं सुरू झालं. दुपारी गाद्या घातल्या तेव्हा कूलरसमोरची जागा रिकामी ठेवून ती दाराशी जाऊन पडली, एक ओला पंचा डोक्यावर घेऊन. मी म्हटलं, आई, आता तरी तुझ्या जागेवर ये.

"नाई. मीच तिले तिथं झोपवलं. ती वाजवत नाई तोवर मले ती हवा नको."

"आई, हा नवस झाला," मी चिडून म्हणालो. "आपण नवस करत नाही."

"नवस कायचा? कोन्या देवाले सांगून राहिली का मी? तुले सांगून राहिली."

मी तिला डॉक्टरांचं सांगितलं. कूलरमुळे होत नाही, कारण कोणालाच ठाऊक नाही. अगदी त्या फ्लूट शब्दासारखं, आई. सगळ्यांना वाटतं फुंकण्यावरून आला, पण कोशात लिहिलंय उगम अनिश्चित.

"तुह्या पुस्तकाले माहीत नाई म्हणून मलेही माहीत नाई, असं थोडीच हाये?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की कानाला गोड लागते ती व्युत्पत्ती बहुधा खोटी असते. पण आईला कारण हवं होतं आणि सगळ्यांत जवळचं कारण ती स्वतः होती. नवतपा आला, मेच्या शेवटाचे ते भाजून काढणारे दिवस. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई दाराशी हातपंखा हलवत पडलेली आणि कूलर रिकाम्या जागेवर वारा घालत होता. बायको हातवारे करून, अर्ध्या तोंडानं विनवायची. तिला 'प' आणि 'फ' म्हणताच येत नव्हते. "आई, तुम्ही पुढे झोपा," एवढं वाक्य तिच्या तोंडातून हवा होऊन यायचं. आई मान फिरवायची.

पावसाळाभर तिनं व्यायाम केले. फिजिओथेरपीच्या बाईंनी फुगे फुगवायला सांगितले होते. घरभर अर्धवट फुगलेले फुगे. फुंकलं की डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची. आरशासमोर बसून शाळेतल्या पोरांना शिकवावी तशी स्वतःला बाराखडी शिकवायची. प, फ, ब, भ, म. शेजारच्या बायका जायफळ उगाळून लावा म्हणाल्या, तेही लावलं. दसऱ्यापर्यंत डोळा मिटू लागला. थंडी पडली तोवर बोलणं पहिल्यासारखं झालं. हसली की तेवढं तोंड किंचित उजवीकडे जायचं. माझ्या डोळ्यांना ते हसू आवडायला लागलं होतं.

बासरी मात्र सूं सूं. डाव्या ओठाचा कोपरा मेला होता तो जागा होईना. एक दिवस तिनं बासरी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवायला मला दिली. मी स्टुलावर चढलो, ठेवली आणि उतरून गच्चीवर गेलो. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसायला नको होतं. आई सगळं पाहत होती. त्या दिवशी तिनं पेपर वाचला नाही.

संत्री बाजारात आली तेव्हाची गोष्ट. सकाळी मी चहाला हाक मारली तर बायको कुठं दिसेना. स्टूल माळ्याखाली होतं. वर गेलो तर ती गच्चीवर उन्हात बसलेली, हात-आरसा पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला, आणि ओठांवरून बासरी गहू-गहूभर सरकवत होती. मध्यावरून उजवीकडे. फुंकायची, आरशात पाहायची, आणखी थोडी सरकवायची. मी जिन्यातच थांबलो. ओठाची डावी बाजू हवा धरत नाही तर तिच्या नादी लागायचंच नाही, उजव्या कोपऱ्याजवळ एवढीशी जागा जिवंत आहे तिथून फुंकायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. गुरुजी आता नाहीत. कोणी सुचवलेलं नव्हतं. बराच वेळ नुसती हवा. आणि मग एक सूर आला. बारीक, थरथरता, चुलीत पहिली ठिणगी धरते तेवढा.

मागं आई उभी होती. जिना चढून आली होती, हातात अर्धं सोललेलं संत्रं. मी म्हटलं, "झालं बरं आई, वाजली."

"हे नाई," ती म्हणाली. "चार लोकांत."

एवढं सोपं नव्हतंच ते. बासरी सरकली की मान वळते, मान वळली की खांदा, खांदा हलला की बोटं भोकांवरून घसरतात. चाळिशीत शिकलेलं सगळं साठीच्या तोंडावर पहिल्यापासून. पुन्हा तोच एक स्वर, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. या वेळी मी दार लावलं नाही. मार्च गेला तेव्हा तिला एक अख्खी धून यायला लागली होती, पण मधूनच सूर तुटायचा आणि ती बासरी खाली ठेवायची. "या वर्षी नको," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी पाहू. लोकांसमोर तोंड वाकडं करून बसायचं, वर सूरही वाकडा."

मी मान डोलवायचो. मला तिचं पटत होतं.

एप्रिल लागला. कूलर खाली काढला, नव्या ताट्या बसवल्या. आईनं आपली सतरंजी दाराशी टाकली. आम्ही दोघांनी समजावलं, मी तर ओरडलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि दारातच कोसळली. उन्हानं चक्कर. पाणी मारलं, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं, डॉक्टर घरी आले. तिला कूलरसमोर घेऊन चला, असं ते म्हणाले, तर अर्धवट शुद्धीतही ती हातानं नको नको करत होती. शेवटी आम्ही कूलरच तिच्याकडे वळवला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे तो पुन्हा सरळ करायला लावला. हट्टीपणात माझ्या आईचा हात धरणारं कोणी नाही. मीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी बायकोनं माझा मोबाइल घेतला आणि विहारातल्या पोराला स्वतः फोन लावला. "पौर्णिमेच्या कार्डात माझं नाव टाक."

"मॅडम, खरंच? टाकतो नं! नावाखाली काय लिहू, फ्लॉटिस्टच?"

"नाव पुरे."

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तयारी नाही, मले माहीत आहे. पण माझी तयारी होईपर्यंत आई राहायले पाहिजेत नं."

पौर्णिमेला विहार भरला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. ती पांढऱ्या साडीत पुढं येऊन बसली. बासरी तिनं नेहमीसारखी ओठांच्या मधोमध न लावता उजव्या कोपऱ्याकडे सरकवून धरली, तेव्हा मागच्या बायकांत कुजबुज झाली. पहिली फुंक नुसती हवा गेली. दुसरीही. तिनं बासरी खाली घेतली, पदरानं ओठ पुसले, डोळे मिटले आणि परत लावली.

सूर आला. पहिल्यासारखा स्वच्छ नव्हता, खोटं कशाला बोलू. आता तिच्या सुरात श्वास ऐकू येतो, आत हवा चालल्याची जाणीव होते. मध्ये दोनदा तुटला. पहिल्यांदा तुटला तेव्हा ती थांबेल असं मला वाटलं. घरी थांबायचीच. ती थांबली नाही. तुटलेला सोडून दिला, श्वास घेतला आणि पुढचा धरला. एवढ्या लोकांसमोर, वाकड्या तोंडानं, न लाजता. कोणाच्याही सुरेल वाजवण्यानं माझा ऊर असा भरून आला नव्हता. पोरांनी चमचे वाजवले नाहीत. आई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसली होती. वाजवून झाल्यावर तिनं डोळे उघडले आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "झालं." जणू एखादं घरकाम उरकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मी गाद्या घातल्या आणि आईची गादी कूलरसमोर टाकली. आई गादीजवळ येऊन उभी राहिली, पण आडवी होईना. बायकोनं आपली गादी दाराशी नेली नाही. आईच्या गादीला लावून टाकली, कूलरच्या अगदी पुढ्यात.

"तू नाई," आई घाबरून म्हणाली. "तू तिकडं झोप."

"तुम्ही झोपल्या तर मी झोपते. नाही तर दोघीही दाराशी."

"अवं, पुन्हा लागन हवा."

"लागू द्या," बायको म्हणाली आणि आडवी झाली. उजव्या कुशीवर. म्हणजे डावा गाल वर, नेमका तोच, कूलरच्या वाऱ्यात. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं आई तिच्या शेजारी हळूच टेकली, मग पडली. मी आतल्या खोलीत गेलो आणि किती तरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

जागा झालो तो कूलरची घरघर बदललेली ऐकून. टाकीतलं पाणी संपत आलं होतं. बादली घेऊन बाहेर आलो. बायको तशीच झोपलेली होती, शांत. आई जागी होती. ती सबंध दुपार जागीच असावी. कुशीवर वळून तिनं आपला पदर सोडून सुनेच्या डाव्या गालावर घातला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचं टोक सुरकुतल्या हातानं धरून ठेवलं होतं.

"आई, पाणी भरायचं..." मी बोलायला लागलो.

तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल गा. फुकणारी झोपली हाये."